अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी पर्सनल स्टेटमेंट: काय लिहावे आणि काय वगळावे

कोल्हापुरातील एका तरुण डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची परिस्थिती थोडक्यात अशी: इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस, तिथल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात इंटर्नशिप, त्यानंतर शाहूवाडी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राची एक वर्षाची सेवा आणि मग नोकरी सोडून दोन वर्षे यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेची तयारी. तिचा पहिला टप्पा असलेल्या स्टेप वनमध्ये पहिल्या प्रयत्नात अपयश आले, दुसऱ्यात ती निघाली. स्टेप टू सीके या पुढच्या टप्प्याचे गुण चांगले आहेत आणि शिकागोत दोन महिन्यांची ऑब्झर्व्हरशिपही (रुग्णालयातले काम नुसते पाहण्याची संधी) झाली आहे. येत्या सप्टेंबरात अमेरिकेतील रेसिडेन्सीला, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणाला, इंटर्नल मेडिसिनसाठी (प्रौढांच्या आजारांची शाखा) आणि जोडीला फॅमिली मेडिसिनसाठी (साऱ्या कुटुंबावर उपचार करणारी शाखा) अर्ज करायचा आहे. पर्सनल स्टेटमेंटचा, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या स्वतःविषयीच्या निबंधाचा, तीन पानांचा मसुदा त्यांनी सोबत जोडला असून विचारले आहे की त्यात नेमके काय असावे, नापास झाल्याचे आणि दोन वर्षांच्या खंडाचे लिहावे की टाळावे, आणि पैसे घेऊन स्टेटमेंट लिहून देणाऱ्या एका एजन्सीकडे काम सोपवावे का.

मी अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी केली, पुढे तिथल्याच एका सामुदायिक रुग्णालयात रेसिडेंटना शिकवले आणि त्या काळात, आलेले अर्ज वाचून मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवणाऱ्या समितीत काम केले. आता कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो आणि इथल्या मुलामुलींचे मसुदे वाचून देतो. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः इंटर्नल मेडिसिनचे अर्ज वाचण्याच्या अनुभवातून आलेले आहे. मोठ्या विद्यापीठांचे प्रोग्राम (रेसिडेन्सीचे प्रशिक्षण कार्यक्रम) संशोधनाला अधिक वजन देतात, सर्जरीच्या शाखांचे निकष वेगळे असतात, आणि काही प्रोग्राम परीक्षेतील अपयश किंवा पदवी मिळून झालेली वर्षे पाहून अर्ज आधीच चाळून बाजूला काढतात. तिथे स्टेटमेंट उघडलेच जात नाही. २०२४ च्या मॅचमध्ये (उमेदवार आणि रेसिडेन्सीच्या जागा जुळवण्याची वार्षिक प्रक्रिया) अमेरिकन नागरिक नसलेल्या आणि बाहेरच्या देशांत शिकलेल्या उमेदवारांपैकी ५८.५ टक्के जणांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली, तर अमेरिकेतील एमडी (तिथली मूळ वैद्यकीय पदवी) महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण ९३.५ टक्के होते. हा फरक एका पानाच्या लेखनाने भरून निघणार नाही. ते पान उपयोगी पडते ते चाळणीतून खाली उतरलेल्या सारख्याच दिसणाऱ्या अर्जांमध्ये, आणि तिथे मात्र ते पुष्कळ उपयोगी पडते.

तुमचा मूळ प्रश्न ‘काय काय घालावे’ असा आहे, पण खरी अडचण वेगळी आहे असे मला मसुदा वाचून वाटले. जे अर्जात इतरत्र आहेच ते तुम्ही पुन्हा लिहिले आहे, आणि जे इतरत्र कुठेही येऊ शकत नाही ते लिहिलेले नाही. वाचणाऱ्यापुढे काय काय असते ते पाहा. परीक्षांचे सर्व प्रयत्न दाखवणारी गुणपत्रिका असते, महाविद्यालयाचे मूल्यमापनपत्र असते, चारपर्यंत शिफारसपत्रे असतात, आणि इरास या रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जयंत्रणेच्या अर्जातच दहा अनुभव मांडण्याची सोय असून त्यांतले सर्वांत अर्थपूर्ण तीन निवडून त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहिता येते. पारितोषिके, शिबिरे, प्रबंध, सदस्यत्वे ही सगळी तिथे बसतात. स्टेप वनचा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो आणि रुग्णाशी संवाद तपासणारी स्टेप टू सीएस ही परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद झाली. त्यामुळे हा उमेदवार विचार कसा करतो, माणसांशी कसा वागतो, हे कळण्याची साधने कमी उरली आहेत. मुलाखतीआधी उमेदवाराचा स्वतःचा आवाज सलगपणे ऐकू येतो तो मुख्यतः याच पानावर.

ते पानच असू द्या, एकच. इरासमध्ये अठ्ठावीस हजार अक्षरांपर्यंत मजकूर मावतो, पण ती मुभा म्हणजे सूचना नव्हे. सहाशे ते साडेसातशे शब्दांत छापील एक पान होते आणि त्याहून लांब स्टेटमेंट वाचताना समितीतले लोक उत्तरार्ध केवळ नजरेखालून घालतात, हे मी जवळून पाहिले आहे. एका संध्याकाळी ढीगभर अर्ज वाचणाऱ्या माणसाकडून तुम्ही पाच-सात मिनिटांची एकाग्रता मागत आहात. ती मिळते, पण पहिल्या परिच्छेदात काही हाती लागले तरच.

तुमचा पहिला परिच्छेद आजोबांच्या निधनाने सुरू होतो आणि त्या दिवशी डॉक्टर होण्याचा निश्चय झाला असे सांगतो. ती भावना खरी आहे याविषयी मला शंका नाही. पण आपल्याकडून जाणाऱ्या अर्जांपैकी फार मोठ्या भागाची सुरुवात आजी-आजोबांच्या आजारपणाने, खेळण्यातल्या स्टेथोस्कोपने किंवा गावात डॉक्टर नसल्याच्या आठवणीने होते. बारा वर्षांच्या मुलाला डॉक्टर का व्हावेसे वाटले हे समजल्याने, अठ्ठावीस वर्षांचा हा डॉक्टर रात्रपाळीत आमच्या रुग्णांना सांभाळू शकेल का, हे समजत नाही. शिवाय तुम्ही आता डॉक्टर झालेले आहात. वाचणाऱ्याला डॉक्टर होण्याचे कारण नको आहे, फिजिशियन, म्हणजे इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर, होण्याचे हवे आहे. आजोबांचा परिच्छेद मी काढून टाकेन. त्यापाठोपाठ येणारा, महाविद्यालयातील क्रमांक आणि वक्तृत्व स्पर्धांचा परिच्छेदही काढेन.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढे लांबले त्या गोष्टीकडे येतो. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहिले आहे: आरोग्य केंद्रात असताना पहाटे एक ऊसतोड कामगार बाई पोटदुखी म्हणून आली, ती मण्यार चावल्याची केस निघाली, तिला अँबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) श्वास देत कोल्हापूरला नेले, पण सरकारी पीएचसीतल्या अशा कामाचे अमेरिकेत कोणाला काय, म्हणून ते मसुद्यात घेतले नाही. डॉक्टर, तीन पानांच्या मसुद्यात नाही एवढे त्या एका वाक्यात आहे.

ती पहाट कागदावर कशी उतरावी हे जरा सावकाश पाहू. ‘एका सर्पदंशाच्या गंभीर रुग्णाचे प्राण वाचवले आणि त्यातून मला वैद्यकशास्त्राचे महत्त्व कळले’ असे लिहिले तर ते वाया गेले. वाचणाऱ्याला तुमचे डोके चालताना दिसले पाहिजे. बाई उलट्या आणि पोटदुखी घेऊन आल्या होत्या. सोबतचे लोक रात्रीच्या जेवणाला दोष देत होते आणि ओपीडीत रोज अशा दहा तक्रारी येतात. तुम्ही काय पाहिले म्हणून थांबलात? पोट मऊ होते, दुखण्याच्या मानाने तपासणीत काहीच सापडत नव्हते, आणि बोलताना त्यांच्या पापण्या वर उचलल्या जात नव्हत्या, असे तुम्ही पुढच्या पत्रात कळवले. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती. त्या फडाजवळच्या खोपीत जमिनीवर झोपतात हे तुम्ही विचारून घेतलेत. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, दुखत नाही, खूण दिसत नाही आणि पहाटे पोट दुखू लागते, हे ठाऊक असलेल्या माणसालाच तो प्रश्न सुचतो. मग तुम्ही त्यांना एका दमात आकडे मोजायला लावले आणि काही मिनिटांनी पुन्हा मोजायला लावले. दुसऱ्या वेळी त्या आधीइतक्या पुढे जाऊ शकल्या नाहीत. व्हेंटिलेटर नसलेल्या ठिकाणी श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत हे जोखण्याचा याहून साधा मार्ग नाही.

एवढे चार-पाच वाक्यांत आले की अमेरिकेतला कोणताही इंटर्निस्ट (तिथला फिजिशियन) खुर्चीत पुढे सरकून वाचेल, कारण हे त्याच्याच शाखेचे काम आहे: तक्रार एकीकडे बोट दाखवते, तपासणी दुसरीकडे, आणि डॉक्टर त्या विसंगतीशी प्रामाणिक राहतो. त्याने उभ्या जन्मात मण्यार पाहिलेली नसेल, तरी ही विचारसरणी तो ओळखतो. ‘इंटर्नल मेडिसिन का’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला वेगळे लिहावेच लागणार नाही. त्या प्रसंगाखाली दोन वाक्ये पुरतील, की निदानापर्यंत पोहोचण्याचा हा रस्ता तुम्हाला सर्वांत जास्त भावतो आणि पुढची तीन वर्षे तो शिस्तीने शिकायचा आहे.

प्रसंगाचा उत्तरार्धही महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक जण गाळतात. केंद्रात असलेले अँटी स्नेक व्हेनम सुरू केल्यावर तुम्ही कोणाला फोन केला, १०८ ची गाडी येईपर्यंत काय ठरवले, पुढच्या रुग्णालयाला आधी काय कळवले, वाटेत अँबू बॅग दाबायला कोणाला शिकवले, केंद्रात मागे कोण राहिले? अमेरिकेत रेसिडेंटचे मूल्यमापन एसीजीएमई या रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या संस्थेने ठरवलेल्या सहा क्षमतांवर होते. रुग्णसेवा आणि वैद्यकीय ज्ञान या त्यांतल्या दोनच आहेत. संवाद, व्यावसायिक वर्तन, स्वतःच्या कामातून शिकून ते सुधारणे आणि यंत्रणेचे भान ठेवून काम करणे या उरलेल्या चार आहेत. समितीतले लोक अर्ज वाचताना नकळत हेच शोधत असतात, आणि आपल्या आरोग्य केंद्रातील एक वर्ष या चारही गोष्टींनी भरलेले असते. त्या घटनेनंतर तुम्ही आशाताईंना घेऊन मजुरांच्या वस्तीवर गेला असाल, बाजेवर किंवा मच्छरदाणीत झोपायला सांगितले असेल, व्हेनमचा साठा दर आठवड्याला मोजण्याची पद्धत लावली असेल, तर ते अवश्य लिहा. असे काही केले नसेल तर मात्र लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि न घडलेल्या गोष्टीचा दुसरा तपशील माणसाला सांगता येत नाही.

सगळ्यांकडे मण्यारीची पहाट नसते आणि तिची गरजही नाही. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरच्या निवारा केंद्रांत काम केलेल्या इंटर्नने इन्शुलिन कसे थंड ठेवले, घरी गोळ्या राहून गेलेल्या लोकांची औषधे कशी ओळखून काढली, हे लिहिले तर तेही तितकेच बोलके होईल. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचा खोकला क्षयाचा की कापसाच्या धुळीचा, शिरोलीच्या फाउंड्रीत वीस वर्षे काढलेल्याच्या छातीच्या एक्स-रेचा अर्थ काय, हेही विषय आहेत. रुग्ण दुर्मीळ असण्यापेक्षा तुमचा निर्णय दिसणे महत्त्वाचे. माझ्या वाचनात आलेल्या उत्तम स्टेटमेंटपैकी एक केवळ रक्तदाबाच्या गोळ्या वारंवार सोडणाऱ्या एका रुग्णाविषयी होते.

अशा प्रसंगात एक धोका आहे. आपल्याकडे इंटर्न आणि तरुण वैद्यकीय अधिकारी एकट्याच्या जबाबदारीवर जे करतात ते अमेरिकन वाचकाला कधी कधी बेफिकिरीचे वाटू शकते, कारण तिथे रेसिडेंटच्या प्रत्येक पायरीवर देखरेख असते. म्हणून संदर्भ एका वाक्यात द्या: डोंगराळ भागातील आरोग्य केंद्र साधारण वीस हजार लोकसंख्येसाठी असते, सपाटीवरचे तीस हजारांसाठी, आणि रात्री तिथे तुम्ही एकटेच डॉक्टर होता. वरिष्ठांशी फोनवर बोलला असाल तर ते नक्की सांगा. मदत कधी मागावी हे कळणारा रेसिडेंट प्रत्येक प्रोग्रामला हवा असतो, आणि एकट्याने सगळे निभावले अशी फुशारकी मारणाऱ्याची त्यांना धास्ती वाटते. त्याचबरोबर रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहू नका. नाव तर नकोच, गाव आणि तारीखही नको. वय थोडे बदलले तरी चालते. रुग्णाच्या गोपनीयतेबाबत तिथे कायदा कडक आहे आणि स्टेटमेंटमधील निष्काळजीपणा सवयीचा पुरावा म्हणून वाचला जातो.

शिकागोच्या ऑब्झर्व्हरशिपविषयी तुम्ही अर्धे पान लिहिले आहे, पण त्यात रुग्णालयाची आधुनिक उपकरणे आणि तिथल्या डॉक्टरांचा चांगुलपणा एवढेच आहे. शिवाय ‘मी रुग्णांवर उपचार केले’ असे एक वाक्य आहे, ते आजच खोडा. ऑब्झर्व्हरला रुग्णाला हात लावण्याचीही मुभा नसते हे वाचणाऱ्याला पक्के ठाऊक असते, आणि त्या एका क्रियापदाने बाकीच्या पानावरचा विश्वास जातो. त्याऐवजी तिथे पाहिलेली एकच गोष्ट घ्या, जी इथल्या पद्धतीपेक्षा वेगळी होती आणि जिने तुम्हाला विचार करायला लावले. तुम्ही फोनवर सांगितलेत की एका वृद्ध रुग्णाशेजारी डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि हृदय थांबले तर ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न हवेत का, हे त्यांनी थेट त्यालाच विचारले. इथे सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डात आपण हे नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतो आणि रुग्णाला काही कळू नये म्हणून घरचे हात जोडतात. या दोन पद्धतींच्या मध्ये उभे राहून तुम्हाला काय वाटले, कोणती गोष्ट शिकाविशी वाटली आणि आपल्या पद्धतीतले काय राखावेसे वाटले, हे तीन वाक्यांत लिहिले की तिथल्या रुग्णसेवेची तुम्हाला समज आहे हे सिद्ध होते. उपकरणांचे कौतुक गाळा, आणि भारतातील आरोग्यव्यवस्थेवरची टीकाही गाळा. जिथे शिकलो त्या रुग्णालयाविषयी कडवट बोलणारा उमेदवार उद्या आमच्याविषयीही तसेच बोलेल, असे समितीतल्या एखाद्याच्या मनात येतेच.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, पानाचा मोठा भाग एका रुग्णाने आणि त्यावेळच्या तुमच्या विचाराने व्यापावा, त्याला जोडून शाखेचे कारण यावे, आणि अमेरिकेतला अनुभव एका निरीक्षणापुरता यावा. आता अवघड भाग.

स्टेप वनमधील अपयश गुणपत्रिकेत दिसणारच आहे, त्यामुळे ते लपवण्याचा प्रश्न उरत नाही. ते स्टेटमेंटमध्ये आणावे का एवढाच प्रश्न आहे. यावर अनुभवी लोकांतही दुमत आहे. माझे मत असे की कारण सांगता येण्यासारखे असेल आणि नंतरची कामगिरी त्याला पुसून काढणारी असेल तर दोन-तीन वाक्ये लिहावीत, नाहीतर मुलाखतीसाठी उत्तर तयार ठेवून इथे गप्प राहावे. तुमच्या बाबतीत लिहावे असे मला वाटते, कारण तुम्ही बंधपत्राची पूर्णवेळ सेवा करत असताना, रात्रीच्या ड्युट्या सांभाळून परीक्षा दिली, नंतर अभ्यासाची पद्धत बदलली आणि स्टेप टू सीकेला चांगले गुण मिळवले. क्रम हाच ठेवा: काय झाले, काय बदलले, त्याचा परिणाम काय. नशीब, परीक्षेचे स्वरूप, घरच्या अडचणींचे लांबलचक वर्णन, यांपैकी काहीही नको. हा मजकूर पानाच्या उत्तरार्धात असावा. पहिल्या परिच्छेदात अपयश मांडले तर पुढचे सगळे त्याच्याच सावलीत वाचले जाते.

दोन वर्षांच्या खंडाचे मात्र नक्की लिहा. कारण न सांगितलेला खंड वाचणारा स्वतःच्या कल्पनेने भरतो. त्या काळात तुम्ही काय केले याचा अर्जात जिथे उल्लेख आहे त्याच्याशी तारखा जुळल्या पाहिजेत. परीक्षेची तयारी हे कारण चालते, पण रुग्णांपासून पूर्ण दूर राहिलेला उमेदवार त्यांना चिंतेचा वाटतो. राजारामपुरीतल्या एका फिजिशियनच्या ओपीडीत तुम्ही आठवड्यातून दोन दिवस बसत होता हे तुम्ही बोलता बोलता सांगितलेत. ते अर्जातही नाही आणि मसुद्यातही नाही. ते दोन्हीकडे आले पाहिजे. तुमच्यासारख्याच स्थितीतल्या काही मुली बाळंतपणाच्या किंवा घरातल्या आजारपणाच्या खंडाबद्दल विचारतात. त्यांनी एका सरळ वाक्यात कारण सांगून पुढे जावे. त्यात माफी मागण्यासारखे काही नाही आणि तपशिलात शिरण्याची गरजही नाही.

व्हिसाविषयी स्टेटमेंटमध्ये काही लिहू नका, त्यासाठी अर्जात वेगळी जागा आहे. ‘शिक्षण संपवून मायदेशाची सेवा करीन’ हे वचनही केवळ छान वाटते म्हणून देऊ नये. जे-वन व्हिसावर गेलेल्यांना प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते आणि पुष्कळ जण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करून तीतून सूट मिळवतात, हे वाचणाऱ्याला माहीत असते. तुमचा पुढचा विचार खरोखर काय आहे तेवढेच लिहा. लहान शहरांतल्या सामुदायिक रुग्णालयांना अर्ज करताना, दूरच्या वस्त्यांत काम केलेला डॉक्टर ग्रामीण भागात टिकतो हे दाखवायला शाहूवाडीचे वर्ष पुरेसे बोलके आहे. तसेच, पुढे कार्डिओलॉजी करायची इच्छा असेल तर ती सांगायला हरकत नाही, पण ती पानाचा विषय होऊ देऊ नका. इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षे केवळ पायरी म्हणून वापरणारा उमेदवार कोणालाही नको असतो.

फॅमिली मेडिसिनसाठी वेगळे स्टेटमेंट लिहावेच लागेल. इरासमध्ये अनेक स्टेटमेंट ठेवून कोणते कोणत्या प्रोग्रामला जावे हे नेमता येते. शाखेचे नाव बदलून तेच पान पाठवणे लगेच उघडे पडते, कारण मण्यारीची गोष्ट निदानाची आहे आणि फॅमिली मेडिसिनला सातत्य पाहायचे असते. तिथे तुमच्या केंद्रातल्या त्या कुटुंबाविषयी लिहा ज्यातल्या सुनेची गरोदरपणातली तपासणी, सासूचा मधुमेह आणि बाळाचे लसीकरण, तिन्ही तुमच्याकडे होते. वर्षभरात त्या घराला तुमच्यावर विश्वास कसा बसत गेला, सासूने इन्शुलिनला आधी नकार का दिला आणि मग होकार कशामुळे दिला, यातून फॅमिली मेडिसिन म्हणजे काय हे तुम्हाला समजले आहे हे दिसेल. हे पान लिहिताना तुम्हाला सांगण्यासारखे काही सापडलेच नाही, तर त्या शाखेला अर्ज करण्याचाच पुन्हा विचार करा.

एजन्सीबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. अर्ज सादर करताना स्टेटमेंट तुमचे स्वतःचे आहे असे तुम्ही प्रमाणित करता. २०१० मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलकडे आलेल्या ४,९७५ निबंधांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांतील ५.२ टक्के निबंधांत उसना मजकूर आढळला आणि अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांत ते प्रमाण अधिक होते. म्हणजे आपल्या अर्जांकडे या बाबतीत आधीच बारकाईने पाहिले जाते. इरास चालवणारी एएएमसी ही संस्था अशा प्रकरणांची चौकशी करते आणि तिचे निष्कर्ष प्रोग्रामपर्यंत पोहोचतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मुद्दे सुचवायला किंवा भाषा तपासायला वापरण्यास एएएमसीची हरकत नाही, मात्र अंतिम मजकूर तुमच्या अनुभवाचे आणि तुमच्याच कामाचे खरे प्रतिबिंब असला पाहिजे अशी तिची अपेक्षा आहे. नियम बाजूला ठेवले तरी एजन्सीला ती पहाट माहीत नाही. ती तुमच्याकडून माहितीचा फॉर्म भरून घेईल आणि आजोबांचाच परिच्छेद अधिक सफाईदार करून परत देईल. मग मुलाखतीत तुमचे साधे, नेमके इंग्रजी आणि कागदावरचे अलंकारिक इंग्रजी यांतली दरी समोरच्याला पाच मिनिटांत दिसेल. तुम्ही मला लिहिलेल्या पत्रातले इंग्रजी परिच्छेद लहान वाक्यांचे आणि स्वच्छ आहेत. तीच भाषा ठेवा. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’, ‘मानवतेची सेवा’, ‘लहानपणापासूनचे स्वप्न’ असल्या ओळी गेल्या की ती आणखी चांगली दिसेल.

मसुदा झाला की दोन माणसांना वाचायला द्या: एक, जो सध्या तिथे रेसिडेन्सी करत आहे, आणि दुसरा, जो डॉक्टर नाही पण चांगले इंग्रजी वाचतो. पहिल्याला विचारा की यातले काही अतिशयोक्त किंवा धोक्याचे वाटते का. दुसऱ्याला विचारा की वाचून झाल्यावर या माणसाबद्दल काय लक्षात राहिले. दुसऱ्याने ‘खूप मेहनती आहे’ असे उत्तर दिले तर पान अजून झालेले नाही. त्याने पापण्यांविषयी किंवा आकडे मोजण्याविषयी काही सांगितले तर ते झाले आहे. प्रोग्राम सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज उघडतात, तेव्हा जुलै संपेपर्यंत हे वाचन उरकले तर दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळेल. नवा मसुदा तयार झाला की पाठवा, आणि त्या रात्री केंद्रातून पुढच्या रुग्णालयाला नेमके काय कळवले होते तेही सोबत लिहा. तो भाग तुमच्या पत्रात अजून आलेला नाही.